पिट्सबर्गच्या मैदानात, बॉस्टनची टोपी घालून

पिट्सबर्गला येऊन दीड वर्ष होत आलं होतं, तरी मी राहत होते बॉस्टनमध्येच. घर इथं, नोकरी इथं, मुलाची शाळा इथं. पण एप्रिल उजाडला की रोज संध्याकाळी जेवणं उरकून टॅब ओट्यावर उभा करायचा आणि रेड सॉक्सची मॅच लावायची. बेसबॉलचा सीझन म्हणजे एकेका टीमच्या 162 मॅचेस, जवळजवळ रोज एक. परगावी गेलेल्या चाहत्यांसाठी लीगचं वर्गणीचं अ‍ॅप असतं, त्यावर जुन्या गावाची टीम रोज घरात येते. रेड सॉक्सच्या मैदानावर, फेनवे पार्कवर, पावसाचे चार थेंब पडले तरी मला कळायचं. आणि इथं माझ्या खिडकीबाहेर पाऊस पडून गेला हे सकाळी गाडीची सीट ओली लागली की कळायचं.

या काळात मला दोन प्रकारचे सल्ले मिळाले. नवरा आणि त्याच्या ऑफिसातले लोक म्हणायचे, "आता पिट्सबर्गला राहतेस ना, मग टीम बदल. जिथलं मीठ खायचं तिथली टीम." बॉस्टनच्या मैत्रिणी म्हणायच्या, "टोपी उतरवायची नाही, दुसऱ्या मैदानाची पायरीसुद्धा चढायची नाही, खरा फॅन तोच." आज मला वाटतं की हे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत, आणि का चुकीचे आहेत ते सविस्तर लिहायचं खूप दिवस मनात होतं.

आधी बॉस्टनचं सांगते, म्हणजे माझं वेड कुठून आलं ते समजेल. 2008 साली सांगलीहून थेट बॉस्टनजवळच्या वॉल्थमला आले तेव्हा मला बेसबॉलमधलं ओ की ठो माहीत नव्हतं. शेजारी एक आजी राहायच्या, आयरिश घराण्यातल्या, एकट्या. उन्हाळ्यात त्या व्हरांड्यात रेडिओ लावून बसायच्या आणि मांडीवर पॅड ठेवून पेन्सिलीनं काहीतरी टिपत राहायच्या. मी एकदा डोकावून पाहिलं आणि जागीच थबकले. आमच्या अण्णांच्या कपाटात होत्या तशीच ती वही! अण्णा गावातल्या क्रिकेट मॅचेसचं स्कोअरबुक लिहायचे. तोच बारीक अक्षरातला हिशेब, तेच चौकोन, तीच गंभीर मुद्रा. आजींनी मला शेजारी बसवून घेतलं आणि दोन उन्हाळ्यांत लिहायला शिकवलं.

ज्यांनी बेसबॉलचं स्कोअरकार्ड पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण माझं या खेळावरचं प्रेम त्या कागदातून आलं आहे. मैदानातल्या प्रत्येक जागेला आकडा असतो. पिचर 1, कॅचर 2, पहिला बेस 3, दुसरा 4, तिसरा 5, शॉर्टस्टॉप 6, आणि लांबचे तिघे डावीकडून उजवीकडे 7, 8, 9. चेंडू जमिनीवरून शॉर्टस्टॉपकडे गेला, त्यानं उचलून पहिल्या बेसवर फेकला आणि बॅटर बाद झाला, तर चौकोनात लिहायचं '6-3'. एकाच चेंडूवर दोघे बाद, शॉर्टस्टॉपकडून दुसऱ्या बेसला आणि तिथून पहिल्याला, तर '6-4-3'. तीन स्ट्राइक, म्हणजे मारण्याजोगे तीन चेंडू हुकून, बॅटर गेला की 'के'. स्ट्राइकला 'के' कशाला, असं मी आजींना विचारलं होतं. ही पद्धत बसवणाऱ्या हेन्री चॅडविकनं 'एस' हे अक्षर आधीच सॅक्रिफाइससाठी, म्हणजे स्वतः बाद होऊन साथीदाराला पुढं सरकवण्यासाठी, वापरलं होतं, म्हणून त्यानं 'स्ट्रक' या शब्दाचं शेवटचं अक्षर घेतलं. आणि बॅटर बॅट न हलवता नुसता बघत उभा राहून बाद झाला, तर 'के' उलटा काढायचा. त्या एका उलट्या अक्षरात बिचाऱ्याची सगळी हतबलता येते. पन्नास वर्षांनी कुणी ते कार्ड उघडलं तरी ती संध्याकाळ चेंडू-चेंडूनं पुन्हा उभी राहते.

तरीसुद्धा रेड सॉक्स 'माझे' झाले ते 2013 च्या एप्रिलमध्ये. 15 तारखेला मॅरेथॉनच्या शेवटच्या रेषेजवळ बॉम्बस्फोट झाले. शुक्रवारी 19 तारखेला आम्हाला घराबाहेर पडायला बंदी होती. वॉल्थमचे रस्ते ओस, आकाशात हेलिकॉप्टरची घरघर, शेजारच्या वॉटरटाउनमध्ये संशयिताचा शोध चाललेला. दुसऱ्या दिवशी फेनवेवर मॅच झाली. खेळाडूंच्या पांढऱ्या शर्टांवर नेहमीच्या 'रेड सॉक्स'ऐवजी 'बॉस्टन' असं लिहिलं होतं. टीमचा लाडका खेळाडू डेव्हिड ऑर्टिझ माइक घेऊन बोलला. नऊपैकी आठव्या इनिंगमध्ये डॅनियल नॅव्हाचा होम रन कुंपणापलीकडे गेला तेव्हा आजी आणि मी एकमेकींचे हात घट्ट धरून रडत होतो. त्या शनिवारपासून ते शहर माझं. पुढं ऑक्टोबरमध्ये त्याच टीमनं फेनवेवर वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनची अंतिम मालिका, जिंकली. घरच्या मैदानावर असं 1918 नंतर पहिल्यांदाच घडत होतं.

असं काही रक्तात भिनलेलं असताना कुणी 'टीम बदल' म्हणालं की राग येतो. टीम म्हणजे काही मोबाइलचं सिमकार्ड नाही. ज्यांनी हे सुचवलं त्यांना मी आजही हेच सांगते.

पण टॅबसमोर बसून मी जे करत होते तेही खरं प्रेम नव्हतं, हे कळायला एक मंगळवार यावा लागला. मुलगा, वय नऊ, शाळेतून आला आणि म्हणाला, "आई, वर्गातले सगळे पीएनसी पार्कला जाऊन आलेत. आपण इथले नाही का?" मला उत्तर देता येईना. पीएनसी पार्क म्हणजे इथल्या पायरेट्स टीमचं मैदान. त्याच संध्याकाळची तिकिटं काढली. फेनवेच्या तिकिटांच्या मानानं इतकी स्वस्त होती की दोनदा तपासून पाहिली.

टोपी माझी रेड सॉक्सचीच. ती घालूनच निघाले.

आम्ही डाउनटाउनमध्ये गाडी लावली आणि पुलावरून चालत गेलो. मॅचच्या दिवशी रॉबर्टो क्लेमेंटे पूल वाहनांना बंद असतो. सगळी माणसं भर रस्त्यातून चालतात, लेकरं खांद्यावर, आजोबा काठी टेकत. पूल पिवळा, माणसांचे शर्ट पिवळे आणि काळे. या गावात फुटबॉल, हॉकी, बेसबॉल तिन्ही टीम्सचे रंग तेच, कारण शहराच्या झेंड्याचे रंगच ते आहेत. सोमवती अमावस्येला जेजुरीच्या पायऱ्यांवर उभं राहिलेल्या माणसाला त्या पिवळ्या गर्दीत काय वाटेल ते मी सांगायला नको. खाली अ‍ॅलेगेनी नदी. जरा पुढं ती मोनोंगाहेलाला मिळते आणि दोघींची मिळून ओहायो होते. मी हरिपूरजवळ वाढले, कृष्णा-वारणेच्या संगमापाशी. आयर्विन पुलावरून सायकलनं जायचे. दीड वर्ष मी एका संगमाच्या गावात राहत होते आणि पुलावर उभं राहून खाली पाण्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

पुलाच्या टोकाला क्लेमेंटेचा पुतळा आहे. पायरेट्सचा जुना खेळाडू. नाव मी ऐकून होते, माणूस माहीत नव्हता. तो पिट्सबर्गचा नव्हेच. पोर्तो रिकोतल्या कॅरोलिना गावचा, मातृभाषा स्पॅनिश. 1955 साली इथं आला. वर्तमानपत्रवाले त्याच्या उच्चारांची टिंगल करायचे, पत्त्यांसारखी खेळाडूंची जी कार्डं निघतात त्यांच्यावर त्याचं नाव 'बॉब' छापायचे. तो सांगत राहिला, माझं नाव रॉबर्टो आहे. अठरा सीझन खेळला, सगळे याच टीमकडून. 30 सप्टेंबर 1972 ला त्यानं 3000 वी हिट, म्हणजे बेसवर पोचवणारा फटका, मारली आणि नियमित सीझनमधली ती शेवटची ठरली. त्या डिसेंबरात निकाराग्वाच्या मानाग्वा शहरात भूकंप झाला. मदतीचं सामान नीट पोचावं म्हणून 31 डिसेंबरच्या रात्री तो स्वतः विमानात बसला. विमान समुद्रात कोसळलं. त्याचा देह सापडलाच नाही. आज मैदानात उजवीकडची भिंत 21 फूट उंच आहे, कारण त्याच्या शर्टाचा नंबर 21.

पुतळ्याच्या पायाशी काचेखाली तीन ठिकाणची माती ठेवली आहे. एक पोर्तो रिकोतल्या मैदानाची, एक फोर्ब्ज फील्डची, एक थ्री रिव्हर्स स्टेडियमची. म्हणजे टीमची इथली दोन जुनी मैदानं. मुलगा गुडघ्यावर बसून वाचत होता. मी मात्र त्या मातीकडेच बघत राहिले. कुणीतरी विचार करून ठेवली असणार ती. जन्मगावची माती बाजूला सारून इथली ठेवली नाही, आणि इथली नाकारून जन्मगावचीही नाही. मघाचे दोन्ही सल्ले मला तिथंच निकालात निघाल्यासारखे वाटले.

मैदानात शिरल्यावर पहिला अर्धा तास मी खेळ पाहिलाच नाही. फेनवे 1912 चं. जुन्या वाड्यासारखं आहे ते, चारी बाजूंनी कुशीत घेणारं, डावीकडे सदतीस फुटांची हिरवी भिंत. पीएनसी पार्क 2001 चं आणि पुढून सगळं उघडं. समोर नदी, पिवळे पूल, पलीकडे उंच इमारती. सूर्य उतरायला लागला तशा त्या इमारतींच्या काचा एकेक करून पेटत गेल्या. बसल्या जागेवरून अख्खं शहर ओळखीला येतं.

माझ्या शेजारी ऐंशीच्या घरातले एक आजोबा होते. मी वही-पेन्सिल काढली आणि पाहते तर त्यांच्याही मांडीवर कार्ड. त्यांनी आधी माझ्या वहीकडे पाहिलं, मग टोपीकडे, मग पुन्हा वहीकडे. म्हणाले, "बॉस्टनवाल्या आहात? 1903 चं विसरलो नाही आम्ही."

मला खरंच कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. इतिहासातली पहिली वर्ल्ड सिरीज 1903 ची, बॉस्टन विरुद्ध पिट्सबर्ग. बॉस्टननं ती 5-3 अशी जिंकली. त्यातल्या इथल्या मॅचेस ज्या एक्स्पोझिशन पार्कवर झाल्या ते मैदान आम्ही बसलो होतो तिथून चार पावलांवर होतं. इतकी वर्षं मी स्वतःला बॉस्टनची पक्की चाहती म्हणवत होते आणि माझ्या टीमच्या पहिल्यावहिल्या विजयाची अर्धी गोष्ट पिट्सबर्गमध्ये आहे हे मला इथं येऊन, शेजारच्या खुर्चीवरून कळलं. टॅबवरच्या मॅचनं ते मला कधी सांगितलं नसतं.

आजोबा बोलताना 'तुम्ही लोक' म्हणायच्या ऐवजी 'यिन्झ' म्हणायचे. ही इथली खास बोली. पुण्यात शिकत असताना मी "काय करायलाईस" म्हणाले की वर्गातली पोरं वळून बघायची, ते आठवलं. 'यिन्झ' म्हणणारा माणूस मला लगेच जवळचा वाटला.

मॅचबद्दल सांगण्यासारखं फार नाही, पायरेट्स एका रननं हरले. पाचव्या इनिंगमध्ये एक सुरेख '6-4-3' झाला. आम्ही दोघांनी एकाच वेळी मान खाली घातली, लिहिलं, आणि एकाच वेळी वर पाहिलं. मधल्या वेळेत पिरोगींची शर्यत झाली. पिरोगी म्हणजे आपल्या करंजीच्या आकाराचा पदार्थ, आत बटाटा आणि चीज, आधी पाण्यात उकळून मग लोण्यात परतलेला. पोलंड, स्लोव्हाकिया, युक्रेनकडून पोलादाच्या कारखान्यांत कामाला आलेल्या माणसांनी तो इथं आणला, आणि आज पिरोगीचा वेष घातलेली माणसं मैदानाच्या कडेनं पळतात. मुलगा 'जलापेनो हॅना' नावाच्या हिरव्या पिरोगीसाठी इतका ओरडला की त्याचा आवाज बसला. परगावहून आलेल्यांचा घरचा पदार्थ आज या मैदानाचा मान झाला आहे, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

सातव्या इनिंगला मी एक चेंडू चुकवला, कारण पुलावरचे दिवे लागले होते आणि मी तिकडे बघत होते. चौकोन रिकामा राहिला. आजोबांनी न बोलता आपलं कार्ड माझ्या बाजूला सरकवलं. मी त्यांच्यावरून '9' उतरवून घेतला. क्लेमेंटे खेळायचा तीच जागा.

या आजोबांसारख्या लोकांविषयी मला मनापासून आदर वाटतो. बॉस्टनला असताना मी जिंकणाऱ्या टीमवर प्रेम केलं. मी तिथं असताना दोनदा वर्ल्ड सिरीज आली. पायरेट्सनं शेवटची जिंकली 1979 साली. 1993 ते 2012 सलग वीस सीझन ही टीम जिंकली त्यापेक्षा जास्त हरली. वीस वर्षं! एक पोर जन्माला येऊन कॉलेजात जाईपर्यंत. तरी मंगळवारच्या साध्या मॅचला हा माणूस पेन्सिल टोकून येतो. हे प्रेम माझ्या प्रेमापेक्षा जुनं आहे आणि अवघडही आहे. त्याच्या शेजारी बसून मी टोपी बदलली असती तर तो त्याचाही अपमानच झाला असता. वीस वर्षांचं दुःख कुणी एका दुपारी दुकानातून टोपी आणून आपलं म्हणू नये.

मुलाचं मात्र वेगळं. त्यानं पायरेट्सची टोपी मागितली, मी घेऊन दिली. बॉस्टनच्या मैत्रिणींना ते रुचलं नाही. पण तो बॉस्टन सोडताना सात वर्षांचा होता, त्याचं बालपण इथं घडणार आहे, आणि त्याला जो वारसा मी देऊ शकते तो टोपीचा नाही, पेन्सिलीचा आहे. आता तो 'के' सुबक काढतो.

अण्णांना फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी विजय हजाऱ्यांचं नाव काढलं. हजारे जन्मानं सांगलीचे, पण खेळले जास्त करून बडोद्याकडून. 1947 च्या रणजी फायनलमध्ये गुल महंमदबरोबर त्यांनी केलेली 577 ची भागीदारी बडोद्याच्या खात्यावर आहे. म्हणून सांगलीनं त्यांना परकं म्हटलं नाही आणि बडोद्यानंही पाहुणा मानलं नाही. आज आपली सांगलीत वाढलेली स्मृती मंधाना लीगमध्ये बंगळुरूकडून खेळते आणि सांगलीत त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नाही. अण्णा म्हणाले, "माणूस दोन गावचा असू शकतो की गं. त्यात काय अडचण आहे?"

अडचण आहे ती फोनची. परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांना हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. आपण जिथून आलो तिथली मॅच, तिथली मालिका, तिथल्या बातम्या, तिथला पाऊस, सगळं हातात मिळतं. त्यामुळं नव्या गावात पोचायची गरजच उरत नाही. पूर्वी बदली झालेला माणूस महिन्याभरात नव्या गावातलं मैदान, देऊळ, चहाची टपरी शोधायचा, कारण नाहीतर जीव रमायचा नाही. आता जीव स्क्रीनवर रमतो आणि आपण दहा-दहा वर्षं एका शहरात राहून त्याच्या नदीचं नाव नीट सांगू शकत नाही. मी दीड वर्ष हेच केलं आणि ते दीड वर्ष वाया गेलं, याचं मला वाईट वाटतं. जुन्या टीमवर प्रेम करा, जन्मभर करा. पण महिन्यातून एक संध्याकाळ नव्या गावाच्या मैदानावर जाऊन बसा, जुनी टोपी घालून, आणि शेजारच्याला विचारा की इथं काय काय घडलं. कुणी हाकलून देत नाही. बेसबॉल कधीही न खेळलेली उत्तर प्रदेशातली दोन पोरं, रिंकू सिंह (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेल, 2008 साली एका स्पर्धेतून निवडली गेली आणि त्यांना करारबद्ध केलं ते याच पायरेट्सनी. भारतातून अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये आलेले ते पहिले दोघे.

आता शेवटचं. आजोबांनी त्या दिवशी निघताना एक पत्ता सांगितला होता. फोर्ब्ज फील्ड कधीच पाडलं गेलं, पण त्याच्या कुंपणाच्या भिंतीचा विटांचा एक तुकडा अजून ओकलंड भागात, विद्यापीठाच्या आवारात उभा आहे. माझ्या ऑफिसपासून चालत पाच मिनिटं. रोज दुपारी मी तिथून डबा खाऊन परतायचे आणि ती नुसती जुनी भिंत समजायचे. 13 ऑक्टोबर 1960 ला तिथं वर्ल्ड सिरीजची सातवी, निर्णायक मॅच झाली, पायरेट्स विरुद्ध न्यूयॉर्कचे यांकीज, म्हणजे बॉस्टनचे जुने वैरी. दरवर्षी त्याच तारखेला लोक भिंतीपाशी जमतात आणि त्या मॅचचं मूळ रेडिओ समालोचन पहिल्या चेंडूपासून शेवटपर्यंत ऐकतात.

मी अर्धा दिवस रजा टाकून गेले. घडीच्या खुर्च्या, ब्लँकेटं, थर्मासमध्ये कॉफी. आजोबा आधीच बसले होते, शेजारी एक खुर्ची माझ्यासाठी धरून. माझ्या टोपीकडे बघून त्यांनी नुसती मान हलवली. यांकीज हरणार असतील तर बॉस्टनच्या माणसाला तिथं बसायचा पूर्ण अधिकार आहे, हे त्यांना पटलेलं होतं. मी वहीचं नवं पान उघडलं आणि रेडिओवरून लिहायला लागले, वॉल्थमच्या व्हरांड्यात लिहायचे तशी. निकाल सगळ्यांना पाठ. तरी आठव्या इनिंगला हॅल स्मिथचा होम रन गेला तेव्हा माणसं उभी राहिली, आणि नवव्यात यांकीजनी 9-9 अशी बरोबरी केली तेव्हा खरोखर कुणाचा श्वास निघेना. समालोचन अशा बेतानं सुरू करतात की शेवटचा चेंडू बरोबर 3 वाजून 36 मिनिटांनी यावा, त्या दिवशी आला होता तसा. बिल मॅझरॉस्कीनं तो डावीकडे भिंतीपलीकडे मारला. 10-9. आजोबांनी डोळे मिटले होते.

पान पूर्ण झाल्यावर त्यांनी ते मागून घेतलं आणि बोट फिरवत म्हणाले, "यात काय नाही ते शोधा."

मी दोन्ही टीम्सच्या ओळी वरून खाली तपासल्या. 6-3, 4-3, 8, 7, चौकोनातल्या हिऱ्याच्या आकृतीत भरलेले रन. वेळ लागला, पण सापडलं. नऊच्या नऊ इनिंग्ज, दोन्ही बाजूंनी, आणि अख्ख्या पानावर 'के' एकही नव्हता.